भैरूंच्या गावातला कवडसा

एका गावात एकच नाव होतं. माणसं पुष्कळ होती, घरं पुष्कळ होती, कोंबड्या तर मोजण्यापलीकडे होत्या; पण मुलगा जन्माला आला की त्याचं नाव ठरलेलं. भैरू.

आजा भैरू, बाप भैरू, नातू भैरू. गावदेव भैरोबा. फार पूर्वी कधीतरी गावात मोठी साथ आली आणि घरोघरचे पाळणे रिकामे झाले. त्यात एकच पोर वाचलं आणि त्याचं नाव निघालं भैरू. झालं! त्या दिवसापासून गावानं मनाशी गाठ मारली, की देवाचं नाव ठेवलं तर देव पोर राखतो आणि दुसरं ठेवलं तर त्याला ओळख पटत नाही.

मुलींचं तसं नव्हतं. मुलगी आज ना उद्या परगावी जायची, तिला तिथला देव बघून घेईल, असा गावाचा विचार. त्यामुळे आयांनी हौसेनं मुलींना हवी ती नावं ठेवली. गंमत बघा, ज्यांची गावाला फारशी पर्वा नव्हती त्यांनाच तेवढी स्वतःची नावं होती.

आता एवढ्या भैरूंमधल्या एकाला हाक कशी मारायची? नुसतं "भैरू" म्हटलं की अर्धं गाव वळून बघायचं. म्हणून गावानं प्रत्येकाच्या नावाला एक शेपूट लावलं. ते शेपूट चांगल्या गुणावरून लावावं, तर तसं नाही. चांगलं केलेलं विसरायचं आणि चुकलेलं जन्मभर ध्यानात ठेवायचं, ही गावाची जुनीच खोड. एकजण लहानपणी बोलताना अडखळायचा, तो तोतरा भैरू. एकाच्या हातून भर लग्नात दुधाची घागर लवंडली, तो दूधसांड्या भैरू. एकानं पोरवयात शेजारणीच्या खुराड्यातलं अंडं उचललं, तो कोंबडीचोर भैरू. अंड्याची कोंबडी कधी झाली ते विचारू नका. तोंडातोंडी सगळं वाढतं. त्या बिचाऱ्याचे केस पांढरे झाले, नातवंडं अंगाखांद्यावर खेळायला लागली, तरी तो समोरून आला की बायका हसत हसत कोंबड्या आत घ्यायच्या.

याच गावात जन्मलेली एक बहीण होती. तिचं नाव गोजरा. लग्न होऊन ती नदीपलीकडच्या गावी गेली होती. तिचा धाकटा भाऊ इथंच राहून शेती करायचा. त्याचं नाव काय, ते सांगायला नकोच. गाव त्याला पळपुटा भैरू म्हणायचं.

झालं होतं असं. तो लहान असताना गावातली पोरं रानात गुरं घेऊन गेली होती. करवंदीच्या जाळीमागं काहीतरी गुरगुरलं. वाघ म्हणा, रानडुक्कर म्हणा, कुणी थांबून बघितलं नाही. सगळी पोरं पळाली. हा सगळ्यांच्या पुढं होता, इतकंच. पाय चांगले होते त्याचे! पण धापा टाकत गावात पहिला शिरला तो हाच, म्हणून पळपुटाही हाच ठरला. मागून पळत आलेले सगळे सुटले.

त्या एका धावेचं ओझं त्यानं पुढं कायम वाहिलं. लग्नात भटजींनी सहज विचारलं, "नवरदेव कोणता भैरू?" तर अख्खा मांडव ओरडला, "पळपुटा!" नवरीकडची माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. चावडीवर तो दोन शब्द बोलायला उठला की कुणीतरी म्हणायचं, "पळपुट्या, तू बस." आणि तो बसायचा. अंगानं धिप्पाड गडी, शेतात दोन माणसांचं काम एकटा ओढणारा. पण चार लोकांत त्याची मान ताठ झालेली गोजरानं कधी पाहिली नव्हती. तिला याचा फार राग यायचा. गावाचा तर यायचाच, पण थोडा भावाचाही यायचा.

अशा या भावाला मुलगा झाला. त्यानं बहिणीला निरोप धाडला, "अक्का, बारशाला ये. नाव भैरूच ठेवायचंय, तेव्हा उगीच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

"सांगा त्याला, अजिबात करून घेणार नाही," गोजरा निरोप्याला म्हणाली, आणि त्याच घडीपासून तिनं डोक्याला ताप करून घ्यायला सुरुवात केली.

नाव ठेवायचा हक्क आत्याचा. तो कुणाच्या बापाला काढून घेता येत नाही, अगदी बाळाच्या बापालासुद्धा नाही. पण इतकी वर्षं त्या गावातल्या आत्या आपला हक्क भैरूवर उरकत आल्या होत्या. पाळण्याशी वाकायचं, कानात "भैरू" म्हणायचं, पाठीत धपाटे खायचे आणि घुगऱ्या घेऊन घरी जायचं. गोजराला ते पटेना. हा पोरगा भैरू झाला, की दुसऱ्याच दिवशी तो पळपुट्याचा भैरू होणार. आणि तो रांगायला लागून कुठं धडपडला, की त्याला स्वतःचं शेपूट मिळणार. पोरानं अजून जग पाहिलेलं नाही आणि बापाची हेटाळणी त्याच्या पाळण्याला आधीच बांधून ठेवलेली! हे काही आपण होऊ द्यायचं नाही, असं तिनं पक्कं ठरवलं.

पण मग ठेवायचं काय? वाटेनं ती नावं चाचपत चालली होती. एखाद्या राजाचं ठेवावं, तर गाव म्हणणार, राजाच्या अंगात सदरा बघा कसला. झाडाचं ठेवावं, तर कुठल्या तरी फांदीला वाकडं म्हणणार. पक्ष्याचं ठेवावं, तर उडाला म्हणून हसणार. गावाला बोट शिरवायला फट सापडणार नाही असं नाव हवं होतं, आणि तसं एकही सुचत नव्हतं.

भावाच्या घरी पोचली, हातपाय धुतले आणि ती थेट बाळंतिणीच्या खोलीत गेली. खोली अंधारी होती. भावजय बाजेवर बसली होती, बाळ गोधडीवर झोपलं होतं. वरच्या कौलांमध्ये कुठंतरी फट होती, तिच्यातून उन्हाचा एक कवडसा खाली आला होता आणि बाळाच्या छातीवर बसला होता. गोजरानं तो झाकायला हात पुढं केला. कवडसा तिच्या हातावर आला. हात काढला, तर पुन्हा बाळाच्या छातीवर. ती दोन-तीनदा हात घालून बघत राहिली आणि मग तिथंच हसायला लागली.

"काय झालं, वन्सं?" भावजयीनं विचारलं.

"ठकू, याचं नाव सापडलं. कवडसा."

ठकूला वाटलं, वन्सं थट्टा करतायत. "हे काय नाव झालं? माणसाचं नाव असतं का असं?"

"नसेल अजून. आपण ठेवलं की होईल. आता तूच बघ, याला गावाला काही चिकटवता येतंय का? लंगडा कवडसा? चोर कवडसा? बसतच नाही! लावायला गेलं की घसरतंय."

ठकू हसली. पण हसू पुरतं ओठांवर यायच्या आतच तिनं बाळाला छातीशी घेतलं. "वन्सं, पण देवाला ओळख पटली नाही तर? काही झालं पोराला तर?"

हे मूल ठकूचं दुसरं. पहिलं पाळण्यातच गेलं होतं. आईच्या या भीतीला आत्यानं काय उत्तर द्यायचं?

उत्तर ठकूनं स्वतःच दिलं. बराच वेळ बाळाच्या टाळूवरून हात फिरवत ती बसली आणि मग हळूच म्हणाली, "पहिल्याचं नाव आपण भैरूच ठेवलं होतं, वन्सं."

ठकूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गोजरा तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मग ठकूनं पदरानं डोळे पुसले. "ठेवा तुम्हाला काय ठेवायचं ते. मी तुमच्या बाजूनं आहे."

बारशाला सगळ्या आयाबाया जमल्या. पाळणा झेंडूच्या माळांनी सजवला होता, खाली घुगऱ्यांची परात होती. बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून फिरवलं. "कुणी भैरू घ्या, कुणी भैरू द्या," असं म्हणून झालं. मग गोजरा पुढं झाली, पाळण्यावर वाकली. पाठीत धपाटे घालायला बायकांनी मुठी उगारल्याच होत्या.

"कुर्रर्र..." गोजरा बाळाच्या कानाशी म्हणाली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तिनं नाव सांगितलं, "कवडसा!"

उगारलेल्या मुठी वरच्या वर राहिल्या. एका म्हातारीच्या हातून घुगऱ्या सांडल्या. आजवर कुठल्या आत्याला धपाट्यांशिवाय सोडलं नव्हतं, पण त्या दिवशी मारायचं भान कुणाला होतं?

बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार! कुणी म्हणालं, "ढग आले की पोराचं काय करायचं?" कुणी म्हणालं, "कौलं शाकारली की पोरगं गायब!" पारावर दिवसभर दुसरा विषय नव्हता. पण पाटील हसले नाहीत. त्यांनी घरी निरोप धाडला, "आत्यानं काय ते कानात सांगितलं असेल. उद्या बापानं देवाला काय सांगायचं, ते बापानं नीट ठरवावं."

कारण गावाची एक रीत होती. बारशाच्या दुसऱ्या दिवशी बापानं बाळाला घेऊन देवळाच्या पायरीवर चढायचं आणि चारचौघांसमोर मोठ्यानं म्हणायचं, "देवा, तुझा भैरू आणलाय." तेवढं झालं की पोर गावाचं. पुढं पालखीच्या दांडीला त्याचा हात लागायचा, देवाच्या पंगतीत त्याच्या घराचं पान मांडलं जायचं. आत्यानं ठेवलेलं नाव कानात राहतं. बापानं पायरीवर घेतलेलं नाव गावात राहतं.

गोजराला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. पण नावाच्या आनंदात तिच्या ती ध्यानातच आली नव्हती. आता एकदम लख्ख उमगलं, की आपण हौसेनं जे केलं ते निस्तरायला उद्या उभं कुणी राहायचं? ज्याला गाव पळपुटा म्हणतं त्यानं.

भाऊ गोठ्यात होता. बैलापुढं वैरण टाकत होता आणि टाकलेलीच पुन्हा उचलून टाकत होता.

"अक्का," मान वर न करता तो म्हणाला, "तू नाव ठेवून सासरी जाशील. या गावात राहायचं मला आहे."

हे खरं होतं आणि खरं असल्यामुळे तिला लागलं. ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "नाव चुकलं नाही. तुला न विचारता ठेवलं, ते चुकलं."

"पाटील म्हणतायत, पोराला पंगतीत बसू देणार नाही. पालखीला हात लावू देणार नाही. आणि देवाला ओळख पटली नाही तर?"

"भैरू, एक सांग. गावातले एवढे सगळे भैरू देवाला वेगवेगळे ओळखता येतात ना? मग एका कवडशाला ओळखणं त्याला जड आहे का?"

त्यावर भाऊ थोडासा हसला. पण लगेच त्याचा चेहरा पडला. "देवाचं मी बघेन गं. मला भीती माणसांची वाटते. मी तोंड उघडलं की हसतात."

"हसतात खरे," गोजरा म्हणाली. तिनं त्याची खोटी समजूत घातली नाही. "मी तुझ्याबरोबर पायरीखाली उभी राहीन. पण वर चढायचं तुलाच आहे. तू उद्या भैरू म्हणालास, तर मी पुन्हा कधी कवडशाचं नाव काढणार नाही. माझा भाचा भैरू झाला तरी माझा भाचाच राहील. तू ठरव."

तो हातातली पेंढी पिळत उभा राहिला. बैलानं मात्र संधी साधून सगळी वैरण संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं सगळं गाव लोटलं. एरवी बाळाला पायरीवर आणतात तेव्हा चार शेजारी येतात. पण आज फुकटचा तमाशा होता. पाटील देवळाच्या ओसरीवर बसले होते. गुरव समईची वात सारखी करत होता. ठकू बाळाला घेऊन आली आणि तिनं बाळ नवऱ्याच्या हातात दिलं. त्यानं गोधडीचं टोक बाळाच्या अंगावर नीट ओढून घेतलं.

तो पायरी चढायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, मधली वाट मोकळी ठेवा! पळायला लागेल!"

सगळं गाव खदखदून हसलं. तो थांबला. एक पाय वरच्या पायरीवर, एक खाली. गोजरानं पदराचं टोक मुठीत आवळलं. तिला वाटलं, संपलं. आता हा वळणार.

तो वळला नाही. वर चढला, उंबऱ्यापाशी उभा राहिला आणि त्यानं घसा खाकरला. पुन्हा कुणीतरी फिस्सकन हसलं.

"देवा," तो म्हणाला, "तुझा भैरू..."

गोजरानं डोळे मिटून घेतले. पाटलांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ठरल्याप्रमाणे झालं म्हणून काही माणसं घरी जायला वळलीसुद्धा.

"...तुझा भैरू मी आहे," भाऊ पुढं म्हणाला. आवाज आता देवळाबाहेर ऐकू येत होता. "आणि हा माझा मुलगा. याचं नाव कवडसा. मला जसं आजवर सांभाळलंस, तसं यालाही सांभाळ."

हसणं एकदम थांबलं. घरी निघालेले होते तिथंच उभे राहिले.

पाटील उठले. "पळपुट्या, खाली उतर! गावाच्या रीतीपेक्षा मोठा झालास का तू? माझं नाव भैरू, माझ्या बापाचं नाव भैरू. आमचं काय वाईट झालं त्या नावानं?"

याआधी पाटलांनी खाली उतर म्हटलं असतं, तर तो कधीच खाली उतरून घरीही पोचला असता. आज तो जागचा हलला नाही. हातात बाळ असलं की माणसाला पळता येत नाही म्हणतात, ते उगीच नाही.

"पाटील," तो अगदी साधेपणानं म्हणाला, "गाव तुम्हाला पाठीमागं काय म्हणतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

देवळापुढं असं चिडीचूप झालं, की समईतलं तेल जळतानाचा आवाज ऐकू यावा. पाटलांनी हसायचा प्रयत्न केला. "मला? मला कोण काय म्हणणार?"

पाटलांनी गुरवाकडं पाहिलं. त्याला एकदम वात पुन्हा सारखी करायची आठवण झाली. त्यांनी आपल्या चुलतभावाकडं पाहिलं. तो पायातला काटा शोधायला लागला. बायकांनी पदर तोंडाला लावले. लहान पोरं तेवढी खुसखुसली आणि आयांनी त्यांना चिमटे काढले. मग पाटलांना कळायचं ते कळलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना लावलेली शेपटं त्यांनी मजेत उच्चारली होती, आणि एक शेपूट त्यांच्याही मागं लोंबत होतं. सगळ्या गावाला दिसत होतं, फक्त त्यांना नाही.

"काय म्हणतात?" पाटलांचा आवाज खाली आला होता. "तू सांग."

"नाही सांगणार."

"पाटील विचारतोय!"

"विचारा की. पण माझ्या तोंडून ते निघणार नाही," भाऊ म्हणाला. "तुम्ही कधीतरी चुकला असाल, तेवढं एकदाच. एकदा चारचौघांत कुणी तो शब्द उच्चारला, की तो अंगाला कसा चिकटतो ते मला ठाऊक आहे. मी दुसऱ्या कुणाला तो चिकटवणार नाही. आणि माझ्या पोराला कुणी चिकटवलेला मला चालणार नाही."

पाटलांचं ते शेपूट काय होतं, ते मलाही ठाऊक आहे. पण त्यानं सांगितलं नाही, तर मी कशाला सांगू?

पाटील ओसरीच्या कडेला टेकले. त्यांच्या हातात माणसाला गावाबाहेर काढायचं बळ होतं. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात एका शब्दानं त्यांचं जन्मभराचं हसं करायचं बळ होतं, आणि त्यानं ते वापरलं नव्हतं. असा माणूस पळपुटा कसा? हे कोडं पाटलांना पडलं असावं.

"पोराला आण इकडं," शेवटी ते म्हणाले.

भाऊ पुढं झाला. पाटलांनी बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं. "काय म्हणालास नाव?"

"कवडसा."

"कवडसा," पाटलांनी नाव जिभेवर घोळवून पाहिलं. मग पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं, "कवडसा. तोंडात बसायला वेळ लागेल, पण वाईट नाही." आणि गावाकडं वळून ते म्हणाले, "बघताय काय नुसते? पंगत मांडा. कवडशाच्या घरचं पान पहिल्या रांगेत."

गावानं मिळून रांधलं आणि पंगत बसली. भाऊ पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता, मांडीवर बाळ झोपलं होतं. एक म्हातारा वाढपी आमटीचं भांडं घेऊन रांगेतून वाकत वाकत येत होता. आजवर त्यानं याला एकाच नावानं हाक मारली होती. त्याच्यापाशी आला आणि सवयीनं म्हणाला, "ए पळ..."

आणि तिथंच थांबला. रांगेतली माणसं जेवायची थांबली. म्हाताऱ्यानं ओगराळं आमटीत दोनदा फिरवलं, मांडीवरच्या बाळाकडं पाहिलं, आणि म्हणाला, "अहो कवडशाचे बाबा, द्रोण पुढं करा की. आमटी गरम आहे, बाळाला सांभाळा."

भावानं द्रोण पुढं केला. मान वर करून, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघून. बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या गोजरानं ते पाहिलं आणि ती सगळ्यांच्या देखत रडली. तिनं नाव भाच्याला दिलं होतं. ते भावालाही मिळेल, हे तिच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

पुढं गावात भैरू व्हायचे थांबले नाहीत. देव लाडका होता, आणि ज्यांना आवडलं त्यांनी ते नाव प्रेमानं ठेवलं. पण कुणी मोहर ठेवलं, कुणी श्रावण, एकीनं तर पोराचं नाव डोंगर ठेवलं. कवडसा इतर पोरांसारखाच वाढला. पेरू चोरले, नदीत पडला, आईचा मार खाल्ला. त्या गावात आज कुणाला विचारा, पळपुटा भैरू कोण? माणसं डोकं खाजवतात. तरण्या पोरांना तर ठाऊकच नाही. कवडशाचे बाबा कोण, असं विचारलंत, तर मात्र कुणीही तुम्हाला दारापर्यंत नेऊन सोडेल.

आता या गोष्टीचं तात्पर्य पोरांबरोबर मोठ्यांनीही ऐकावं: मुलाला नाव असं द्यावं जे त्याचं स्वतःचं असेल, आणि ते द्यायचं तर चारचौघांत त्याच्यामागं उभं राहायची तयारी ठेवावी. आणि कुणाला हाक मारायची झाली, तर त्याच्या एका दिवसाच्या चुकीवरून कधीच मारू नये.